व्हिसा नाही, पण काम आहे: श्रीमंत देशांतल्या विनाकागद कामगारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांची हजेरीपत्रकं, पीएफ, ईएसआयसी आणि लेबर ऑफिसच्या खेपा यात माझी नोकरीची वर्षं गेली. आता ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ अशा ठिकाणी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर किंवा वाचनालयात कामगार कायद्यावर बोलायला बोलावतात. विषय कोणताही ठेवा, चहा येईपर्यंत प्रश्न अमेरिकेवर जाऊन पोचतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून तर विचारूच नका. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कोण देशभक्त आणि कोण घुसखोर हा वाद इथे नाही. हिशेब पैशाचा आहे: काम कोण करतं, भरतं कोण, आणि उरलेला पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो.

बेकायदा कामगार म्हणजे रात्री कुंपण ओलांडून गेलेलेच ना?

नाही. मोठा गट विमानाने, रीतसर शिक्का मारून गेलेल्यांचा असतो. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून गेले, मुदत संपली, परत आले नाहीत. दुसरे, ज्यांचा व्हिसा चालू आहे पण त्यावर काम करायची परवानगी नाही किंवा ठरावीक तासांचीच आहे. आखातात आणखी एक प्रकार दिसतो: माणूस नोकरीच्या व्हिसावर गेला, मालकाशी बिनसलं, दुसरीकडे कामाला लागला आणि त्या दिवसापासून बेकायदा झाला. एक दिवसही न हलता माणूस कायद्याच्या बाहेर जाऊ शकतो, कारण हलतो तो कागद.

अमेरिकेत तर मधलीही एक पायरी आहे. आश्रयाचा अर्ज पडून आहे, तात्पुरती सवलत मिळालेली आहे, काम करायचं कार्डही आहे, पण कायमचा हक्क कशाचाच नाही. आकडेवारी काढणारे यांनाही याच गटात धरतात. हे ध्यानात ठेवा, पुढच्या आकड्यांचा अर्थ त्यावर ठरतो.

एकूण आहेत तरी किती? आणि आपले किती?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये १ कोटी ४० लाख. त्यातल्या सुमारे ६० लाखांना वर सांगितलेली कसली ना कसली तात्पुरती सवलत होती. काम करणारे सुमारे ९७ लाख, म्हणजे तिथल्या दर अठरा कामगारांमागे एक.

भारतीयांचा आकडा विचाराल तर गंमत आहे. २०२२ साठी प्यूचा अंदाज ७ लाख २५ हजार, आणि खुद्द अमेरिकी गृह सुरक्षा खात्याचा २ लाख २० हजार. देश एक, वर्ष एक, फरक तिपटीहून जास्त. मोजायची पद्धत अशी की पाहणीत परदेशात जन्मलेले किती सापडले ते घ्यायचं, त्यातून कायदेशीर आलेले वजा करायचे, उरले ते बेकायदा. वजा काय करायचं यावर उरलेलं ठरतं. तेव्हा कोणी व्हॉट्सअॅपवर ठाम आकडा पाठवला, तर आधी कोणाचा आहे ते विचारा.

हे लोक तिथे नेमकं करतात काय?

शेती हे पहिलं. अमेरिकी कामगार खात्याच्या पाहणीनुसार पिकांवर मजुरी करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे कायदेशीर दर्जा नाही. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात सॅलडची पानं निघतात तेव्हा शेतातून पट्ट्याचं यंत्र हळूहळू पुढे सरकत असतं. त्याच्या मागे वाकलेली माणसांची रांग गड्डा बुंध्याशी कापते, बाहेरची पानं झटकते, पिशवीत घालून पट्ट्यावर टाकते. यंत्र थांबत नाही, म्हणून माणूसही थांबत नाही. स्ट्रॉबेरी तर जमिनीलगत असते. तिथे बऱ्याचदा दर खोक्यामागे पैसे, त्यामुळे वाकूनच पळायचं.

दुधाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. अमेरिकेत शेतमजुरांसाठी एच-२ए नावाचा व्हिसा आहे, पण तो हंगामी कामाचा. गाईला हंगाम नसतो. दिवसातून दोन-तीनदा, बारा महिने, मध्यरात्रीची पाळीसुद्धा धरून दूध काढावंच लागतं. म्हणजे जिथे माणसांची गरज कायमची आहे, तिथे आणायला कायदेशीर दारच नाही. मग गोठ्यात कोण असणार? कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं समजू नका. वर्षानुवर्षं ठाऊक आहे.

बाकी कत्तलखाने आणि मांस कापायचे कारखाने, घरांची छपरं घालणं, हॉटेलातली भांडी, ऑफिसची रात्रीची सफाई, म्हाताऱ्या माणसांची घरी शुश्रूषा, मुलं सांभाळणं. लॉस एंजेलिसमध्ये होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सकाळी मजूर नाका भरतो.

मार्च २०२० ची एक आठवण या सगळ्याचं मर्म सांगते. कोविडमध्ये अमेरिकी सरकारने शेतमजुरांना अत्यावश्यक कामगारांच्या यादीत घातलं. मालकांनी त्यांना पत्रं दिली, वाटेत पोलिसांनी अडवलं तर दाखवायला. ज्याच्याकडे देशात राहायचा कागद नाही त्याच्या खिशात, तू देशाला आवश्यक आहेस, असं सांगणारा कागद. आणि त्याच महिन्यात लोकांना मदतीचे चेक वाटायचा कायदा झाला, त्यातून हे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथल्या सरकारी पेन्शन योजनेतला ओळख क्रमांक) नाही म्हणून वगळले.

गोऱ्यांना ही कामं नकोतच, ते आळशी झालेत, खरं ना?

हे आपल्याकडे फार आवडीने बोललं जातं. अर्धवट खरं आहे. त्या मजुरीत आणि त्या अटींवर नको आहेत.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने विनाकागद लोकांविरुद्ध कडक कायदा केला. मजूर राज्य सोडून गेले आणि ऐन तोडणीत शेतकऱ्यांची धावपळ उडाली. राज्यपाल नेथन डील यांनी उपाय सुचवला की परिवीक्षेवर सुटलेल्या गुन्हेगारांना शेतात पाठवा. पाठवले. बरेच जण दुपारपर्यंत काम टाकून निघून गेले.

पण मजूर नाहीत म्हणून मजुरी वाढते, हेही दरवेळी होत नाही. १९४२ ते १९६४ अमेरिकेत मेक्सिकोहून करारावर मजूर आणायची ब्रासेरो योजना होती. स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून ती बंद केली. मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर राज्याराज्यांतली मजुरी ताडून पाहिली, तर योजना बंद झाल्याने स्थानिकांची मजुरी वाढल्याचा मागमूस सापडला नाही. मळेवाल्यांनी यंत्रं आणली, जिथे यंत्र चालत नव्हतं ती पिकं कमी केली. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणारं यंत्र तयार होतंच, आणि त्या यंत्रात चेंगरू नये म्हणून टणक सालीचा टोमॅटोही पैदा केलेला होता.

मग हे आल्यामुळे तिथल्या गरिबांचा पगार पडतो का?

अर्थतज्ज्ञांचं यावर पिढीभर भांडण चालू आहे. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख माणसं काही महिन्यांत बोटींनी फ्लोरिडात आली. मायामीतला कामगारवर्ग सात टक्क्यांनी फुगला. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की पगारावर फारसा परिणाम झालाच नाही. पुढे २०२१ चं नोबेल त्यांच्या वाट्याला आलं. जॉर्ज बोर्जास यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली आणि म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा पगार चांगलाच घसरला. त्यावर इतरांचं म्हणणं की तुम्ही निवडलेली माणसं मूठभर आहेत.

माझं मत विचाराल तर सरासरी पगारात हे सापडणार नाही. छोट्या कारखान्यांत जे पाहिलं त्यावरून सांगतो: एका ओळीत दहा माणसं असतील आणि त्यातली चार तक्रार करूच शकत नसतील, तर उरलेल्या सहांचा ओव्हरटाइमही लवकरच बुडायला लागतो. पगार खाली ओढते ती या चौघांच्या मनातली भीती, आणि ती भीती मालकाला फुकट मिळते. या मजुरीतली स्वस्ताई कुठून येते, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

हे लोक कर भरत नाहीत, फुकट राहतात, असं माझा न्यू जर्सीचा पुतण्या म्हणतो.

पुतण्याला सांगा, भरतात. चांगला घसघशीत भरतात.

अमेरिकेतल्या करांचा अभ्यास करणाऱ्या आयटीईपी संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये विनाकागद लोकांनी ९,६७० कोटी डॉलर कर भरला. ५,९४० कोटी केंद्राला, बाकीचा राज्यांना आणि नगरपालिकांना. तो जातो कसा? दुकानात काहीही घेतलं की विक्रीकर. घरभाड्यातून घरमालकाचा मालमत्ता कर. आणि पगारातून कपात.

पगाराचं समजून घेण्यासारखं आहे. काम मिळवायला सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, म्हणून पुष्कळ जण खोटा किंवा दुसऱ्याचा क्रमांक देतात. मालक त्यावर कपात करतो आणि भरतो. नाव एक, क्रमांक दुसऱ्याचा, मेळ बसत नाही. सोशल सिक्युरिटी खातं असा न जुळणाऱ्या कमाईचा तपशील एका वेगळ्या नोंदवहीत टाकून ठेवतं. पैसे मात्र निधीत जमा. ज्याने भरले त्याला म्हातारपणी त्यातला एक डॉलर मिळणार नाही. २०२२ मध्ये या निधीत त्यांचे गेलेले पैसे २,५७० कोटी डॉलर होते. पीएफच्या केवायसीत नावातलं एक अक्षर चुकलं तरी आपला कामगार ऑफिसला हेलपाटे घालतो. इथे दाद मागायला जायची सोयच नाही, गेला तर पकडला जाईल.

दुसरा मार्ग सरळ आहे. १९९६ पासून अमेरिकी कर खातं नऊ आकडी करदाता क्रमांक देतं, त्याला व्हिसा लागत नाही. हजारो-लाखो लोक त्यावर प्रामाणिकपणे विवरणपत्र भरत आले, पुढे कधी कायदेशीर व्हायची संधी आली तर चांगली वर्तणूक दाखवता येईल म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये त्याच कर खात्याने स्थलांतर खात्याला माहिती पुरवायचा करार केला. प्रकरण न्यायालयात गेलं. पण ज्याने विश्वासाने पत्ता लिहून दिला होता, त्याची झोप तर उडालीच. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीनेही मला हा शहाणपणा वाटत नाही: वरच्या आयटीईपीचाच अंदाज आहे की या लोकांना कामाचा परवाना दिला तर वर्षाला आणखी ४,०२० कोटी डॉलर कर येईल.

पण शाळा, दवाखाने तर वापरतात?

वापरतात. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने मुलांना सरकारी शाळेतून वगळता येत नाही, आणि जीव धोक्यात असेल तर इस्पितळाला उपचार नाकारता येत नाहीत. खरा तिढा असा की करातला मोठा वाटा केंद्राकडे जातो आणि शाळेचा खर्च गावावर पडतो. म्हणून गावातला माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं अगदीच खोटं नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालात सगळ्याच स्थलांतरितांबद्दल हेच निघालं: पहिली पिढी राज्यांना महाग पडते, त्यांची मुलं मोठी झाली की सगळ्यांत जास्त देणाऱ्यांत बसतात. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२४ मध्ये अंदाज दिला की अलीकडच्या स्थलांतराच्या लाटेमुळे २०२४ ते २०३४ मध्ये केंद्राची तूट ९०,००० कोटी डॉलरने कमी होईल.

मालकाला का पकडत नाहीत?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे. ज्यांनी विचारला त्यातले बहुतेक कंत्राटी कामगार राहिलेले होते.

अमेरिकेत १९८६ पासून बेकायदा माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. सगळा खेळ त्या 'जाणूनबुजून'मध्ये. मालकाने आय-९ हा फॉर्म भरून घ्यायचा, कागद वरवर खरे दिसले की झालं. फार खोलात जाऊन तपासलं तर उलट भेदभावाचा ठपका यायची भीती. आणि एवढीही जोखीम नको असेल तर मधे कंत्राटदार घालायचा. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मुख्य मालक, त्याचा कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, त्याचा मुकादम. अपघात झाला की प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो आणि हजेरीपत्रकावर नाव कोणाचंच नसतं.

५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकम उपसागरात भरती आली तेव्हा वाळूत शिंपले वेचणारे चिनी मजूर अडकले. निदान एकवीस जण बुडाले. त्यांना समुद्राची माहिती नव्हती. त्याच वर्षी ब्रिटनने शेती आणि शिंपल्यांच्या कामाला मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. आता तिथे एका बेकायदा कामगारामागे मालकाला पहिल्या खेपेला ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडला तर ६०,०००.

इटलीतही २०१६ चा कायदा आहे, शेतातल्या मुकादमगिरीविरुद्ध. तरी जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला इस्पितळात न नेता घराबाहेर सोडून दिलं. तुटलेला हात फळांच्या खोक्यात ठेवलेला होता. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याकडे कामाचे कागद नव्हते. त्या भागातल्या पंजाबी मजुरांनी मग संप केला, मोर्चा काढला.

आखातात तर सगळे व्हिसावरच जातात. तिथे कुठे बेकायदा?

तिथे बेकायदा व्हायला फारसं काही करावं लागत नाही. कफाला पद्धतीत तुमचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाला बांधलेला असतो. मालकाने 'पळून गेला' अशी नोंद केली की खलास, मग पगार तुमचाच थकलेला का असेना. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची संमती लागणार नाही असं केलं, बाकीच्यांनी कमीअधिक सुधारणा केल्या. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहायची खोड मात्र सहज गेलेली नाही.

आणि 'आझाद व्हिसा' म्हणून जो विकतात, त्यापासून लांब राहा. कागदावर एक मालक, काम तुम्ही शोधायचं दुसरीकडे. असा कुठलाही व्हिसा कोणत्याच देशाच्या कायद्यात नाही. ते पहिल्या दिवसापासून बेकायदा काम असतं.

दर काही वर्षांनी हे देश माफी जाहीर करतात. कुवेतने १७ मार्च २०२४ पासून दिली, यूएईने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४. दंड माफ, कागद नीट करा किंवा घरी जा. आपलं कोणी अडकलं असेल तर अशा मुदतीकडे डोळे लावून बसावं.

सगळ्यांना एकदाचे कागद देऊन टाकले तर?

झालंय हे. १९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या काळात अमेरिकेने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. स्पेनने २००५ मध्ये पाच लाखांहून जास्त लोकांना, मुख्य अट अशी की मालकाने करार दाखवायचा आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरायचा. स्पेनच्या अभ्यासात निघालं की अशा दर माणसामागे सरकारला वर्षाला सुमारे ४,००० युरो जास्त मिळू लागले. विरोधकांचा मुद्दाही ऐका: एकदा माफी दिली की पुढचे वाट बघत येतात. अमेरिकेत १९८६ नंतर संख्या पुन्हा वाढलीच. पण मधल्या काळात कायदेशीर येण्याचं दार तेवढंच अरुंद ठेवलं होतं, हे सांगायचं राहून जातं.

आणि सगळ्यांना हाकललं तर?

२००८ ते २०१४ मध्ये अमेरिकेत सिक्युअर कम्युनिटीज नावाची मोहीम होती, चार लाखांहून जास्त लोक बाहेर काढले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या भागांत तिथेच जन्मलेल्यांच्या नोकऱ्याही थोड्या घटल्या. बांधकामावर मजूर नसले की सुपरवायझर आणि इलेक्ट्रिशियनही घरी बसतो. याहून जास्त सांगायला नको.

आपल्या ठाण्यात, नवी मुंबईतही हेच चाललंय ना? परप्रांतीयांचं काय?

दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. घोडबंदर रोडच्या टॉवरवर चढणारा झारखंडचा किंवा नांदेडचा बिगारी भारताचा नागरिक आहे. राज्यघटनेच्या कलम १९ ने त्याला कुठेही राहायचा आणि काम करायचा हक्क दिला आहे. परराज्यातून आलेल्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, तो आता २०२० च्या कामगार संहितेत गेला. त्याच्याकडे आधार आहे, तरी किमान वेतन मिळतंच असं नाही. म्हणजे कागद असणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

तुर्भ्याच्या एपीएमसीत जाऊन पाहा. तिथल्या हमालांमागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना आहे. ओझं तेच, पाठ तीच, पण माथाडी बोर्डात नोंद असलेल्याची मजुरी आणि हक्काची लेव्ही (पीएफसारख्या सोयींसाठी मालकाकडून वर घेतलेली रक्कम) बोर्डामार्फत येते. नोंद नसलेला त्याच गाळ्यासमोर मिळेल त्यात उचलतो.

परदेशी नागरिकांचा प्रश्न वेगळा. ठाणे आणि नवी मुंबई पोलिस कागदपत्रांविना राहणाऱ्या बांगलादेशींवर कारवाई करतात, बातम्या येतात. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेने आपल्यांना बेड्या घातल्या म्हणून हळहळणारे आणि इथे पकडलेल्यांची बातमी वाचून खूश होणारे एकाच कट्ट्यावर बसलेले मी पाहतो. त्यावर भाष्य करत नाही. अर्थकारण मात्र दोन्हीकडे एकच आहे: साइटवर तो कोणाच्या तरी फायद्यासाठीच ठेवलेला असतो.

परदेशातून पैसे येतात, देशाचा फायदाच आहे की?

येतात, आणि महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त येतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या रकमेपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आली, केरळच्याही पुढे. पण यातली मोठी रक्कम सॉफ्टवेअरवाल्यांची आणि रीतसर नोकरदारांची आहे. चोरून गेलेल्याच्या पैशाची तुलना करायचीच तर बीड-धारूरच्या ऊसतोडीच्या उचलीशी करा: आधी कर्ज, मग काम, आणि पहिली काही वर्षं नुसती फेड. अमृतसरला उतरलेल्यांपैकी कित्येकांनी पत्रकारांना ४०-५० लाखांचे आकडे सांगितले. जमीन गहाण, दागिने विकलेले. तो पैसा एजंटाकडे गेला, घरी आला नाही. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोखीने पैसे पाठवले तर एक टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवले तर नाही. खातं कोणाकडे नसतं, ते सांगायला नको.

एजंट म्हणतो तिकडे माणसांची टंचाई आहे, एकदा पोचलात की कागद होतात.

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच दुसरं पटतं. टंचाई आहे, पण टंचाई आहे म्हणून कागद देतातच असं नाही, हे वरच्या गोठ्याच्या उदाहरणात पाहिलंत. कागद नसलेला माणूस स्वस्त पडतो. ज्याला स्वस्त पडतो तो कागद करून देण्याची घाई कशाला करेल?

करायच्या गोष्टी साध्या आहेत. एजंटाचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. बेलापूरच्या काचेच्या ऑफिसात बसून तीन लाख मागणारा तिथेच उघडा पडतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते आणि आखातात वगैरे नोकरीला जाताना परवानगी लागते. ती टाळायला कोणी टुरिस्ट व्हिसावर जा म्हणालं तर उठून चालू लागा. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्सने अडवलं आणि त्यातले २७६ जण मुंबईला परत आले, त्यातले कित्येक पर्यटक म्हणूनच निघाले होते.

मुलगी शिकायला गेली आहे. हॉटेलात रोख पैशांवर जादा तास करते. त्यात काय एवढं?

ठाण्यातल्या पालकांचा हा सगळ्यांत खरा प्रश्न, आणि तो नेहमी सगळे गेल्यावर हळू आवाजात येतो. मर्यादा अशा: ब्रिटनमध्ये पदवी शिकणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. अमेरिकेत सत्रात २० तास तेही कॅम्पसवरच, बाहेरच्या हॉटेलात खास परवानगीशिवाय अजिबात नाही. ही रेघ ओलांडली की मालकाच्या हातात दोरी जाते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतून हेच उघड झालं. विद्यार्थ्यांना निम्म्या दराने राबवायचं आणि तक्रार केलीस तर तुझे जादा तास सरकारला कळवतो म्हणायचं. पुढे कंपनीला १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त थकबाकी द्यावी लागली. जुलै २०२४ पासून तिथे व्हिसाची भीती घालून राबवणं हा मालकाचा गुन्हा आहे.

अमेरिकेतही केलेल्या कामाचं किमान वेतन कागद नसले तरी मागता येतं. मात्र संघटना केली म्हणून काढून टाकलं, तर बुडालेल्या पगाराची भरपाई विनाकागद कामगाराला मिळत नाही, हे २००२ च्या हॉफमन प्लास्टिक निकालाने ठरलं. तेव्हा मुलीला रागावू नका, ती सांगायचीच बंद होईल. जादा तास थांबव म्हणा, आणि आजवर कोणत्या दिवशी किती तास केले ते तारखेसकट वहीत लिहायला सांगा. मॅनेजरने शिफ्टबद्दल पाठवलेले मेसेज पुसू नको म्हणा. पैसे अडकले असतील तर तिच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाच्या आधी तिथल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात जाऊ दे, कारण अमेरिकेत विद्यापीठाला व्हिसाची नोंद सरकारकडे ठेवावी लागते आणि वकिलावर गुप्ततेचं बंधन असतं.